अठराव्या अध्यायातली पावती

काकूंच्या सुनेचा फोन आला तेव्हा दिवाळी उलटून दोन आठवडे झाले होते. आवाज दबका होता, बहुधा गच्चीवरून बोलत असावी. "आईंनी देव सोडलाय," ती म्हणाली. "जेवण कमी झालंय, झोप नाही, ते सगळं आहेच. पण बाबा गेल्यापासून त्या देवघरात गेल्या नाहीत. दिवासुद्धा मीच लावते. आम्हाला भीती वाटते."

मी नागपुरात शोक-समुपदेशनाचं काम करते. ही एकाच बाईंची हकिकत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि प्रसिद्ध करण्याआधी सगळा मजकूर त्यांना वाचून दाखवला आहे. त्यांनी दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं. त्या दुरुस्त्या कुठे झाल्या ते पुढे येईलच, कारण या प्रकरणातलं बरंचसं मला त्यांतूनच कळलं.

काकू ५८ वर्षांच्या. काका त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे, बँकेतून निवृत्त झालेले. लग्नाला ३४ वर्षं झालेली. मे महिन्यात, नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू असताना, काकांच्या छातीत दुखू लागलं. नवमीच्या रात्री त्यांना अतिदक्षता विभागात दाखल केलं. तिथे एका वेळी एकालाच आत सोडायचे, म्हणून मुलगा हॉस्पिटलात थांबला आणि काकू घरी. घरी बसून करणार काय? त्यांनी गजानन महाराजांची पोथी काढली.

विदर्भातल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. शेगाव इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास, पण महाराज नागपूरच्या घराघरांत आहेत. त्यांना नागपूरचे बुटी आपल्या वाड्यात घेऊन आले होते, ती कथा पोथीतच आहे. पोथीचे अध्याय २१. कोणी एका बैठकीत वाचतं, कोणी सात दिवसांत रोज तीन. काकूंनी तीन दिवसांचं पारायण धरलं: दशमी, एकादशी, द्वादशी, रोज सात अध्याय. पहिले दोन दिवस सुरळीत गेले. द्वादशीला सकाळी पंधरावा, सोळावा, सतरावा झाला. अठरावा सुरू असताना मुलाचा फोन आला, "आई, लगेच ये." हाताशी औषधाच्या दुकानाची पावती होती, ती त्यांनी खूण म्हणून पानात ठेवली आणि तशाच उठल्या. त्या पोहोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

पुढचं मला त्यांनी बऱ्याच नंतर सांगितलं. तोवर त्या बहुतेक वेळा "झोप येत नाही" एवढंच म्हणत होत्या.

दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. ऊन चढत होतं, मंडळी झाडांकडे बघत उभी. कोणी म्हणालं, मुलाच्या गाडीचं बोला. कोणी म्हणालं, गावच्या शेताचं बोला. मुलाने सगळं कबूल करून पाहिलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि विधी पुरा झाला. घरी आल्यावर नात्यातल्या एक बाई सहज बोलल्या, "काहीतरी अर्धं राहिलं असेल त्यांचं." बोलणाऱ्या बाई चहा पिऊन गेल्या. काकूंच्या मनात मात्र हिशेब जुळला. चार अध्याय अर्धे राहिले होते.

त्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही, मुलालासुद्धा नाही. अस्थी घेऊन सगळे रामटेकला अंबाळा तलावावर गेले, तेरवी झाली, पाहुणे पांगले. काकूंनी पोथी लाल कापडात बांधली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. देवघरात जाणं थांबलं ते त्या दिवसापासून.

आता माझी चूक सांगते.

दुसऱ्या भेटीत त्या अस्पष्टपणे एवढंच म्हणाल्या होत्या, "माझ्या हातून पूजेत चूक झाली." मला वाटलं, ही तर नेहमीची अपराधाची भावना. जोडीदार गेल्यावर ती जवळपास प्रत्येकाला येते. लवकर नेलं असतं तर, त्या रात्री तिखट दिलं नसतं तर. मी समजावू लागले. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होणं आणि पूजेतली चूक यांचा संबंध नसतो, काकांना वीस वर्षं मधुमेह होता, डॉक्टरांनीही हेच सांगितलंय, वगैरे. बोललेलं सगळं खरं होतं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, "हो ना," म्हणाल्या, पर्स उचलली, आणि पाच आठवडे आल्या नाहीत.

नंतर त्यांनीच सांगितलं, "ताई, तुम्ही म्हटलं पूजेचा संबंध नाही. मग मी तीन दिवस काय करून राहिली होती?"

त्यांच्या नवऱ्याच्या शेवटच्या तीन दिवसांत त्यांनी त्याच्यासाठी जे एकमेव काम केलं होतं, ते मी एका वाक्यात निरर्थक ठरवलं होतं. दोषातून सोडवायला गेले आणि सेवाही काढून घेतली. माझ्या स्वतःच्या घरात देव आहेत, तरी हे मला दिसलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

पाच आठवड्यांनी मुलगा एकटाच आला. आईने त्याला पोथी अंबाझरी तलावात नेऊन सोडायला सांगितली होती. "सोडू का?" असं त्याचं विचारणं होतं. मी एवढंच म्हटलं की घाई करू नका, आणि जमलं तर त्यांना म्हणावं, मी त्या दिवशी चुकले, मला पोथीबद्दल ऐकायचं आहे. पुढच्या बुधवारी काकू आल्या. पिशवीत पोथी होती.

तेव्हा ही सगळी हकिकत बाहेर आली. बोलताना त्या एकदा म्हणाल्या, "त्यांनी मला असं मधेच टाकलं. चौतीस वर्षं मी त्यांचं सगळं वेळेवर केलं, कधी मागितलं नाही काही. एकदा मागितलं तर पाठ फिरवली."

आपल्याकडे जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. 'हे' किंवा 'ते'. महाराजही 'ते'च. मला खरंच कळेना, म्हणून विचारलं, "कोण, काकू? काका की महाराज?"

त्या थांबल्या. बराच वेळ पंख्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "दोघंही."

मला वाटतं, या प्रकरणाची सुरुवात खरी तिथून झाली. तोपर्यंत घरचे 'श्रद्धा उडाली' म्हणत होते आणि मीही माझ्या टिपणवहीत 'श्रद्धेचं संकट' असं लिहून ठेवलं होतं. पण जी बाई देव नाही असं मानते ती देवाने पाठ फिरवली म्हणून रडत नाही. इथे माणूस आणि देव दोघांवर एकच राग होता, एकाच सर्वनामात.

या ठिकाणी काकूंची पहिली दुरुस्ती. मी 'राग' लिहिलं होतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "राग नाही लिहायचं. मी रुसली होती." फरक त्यांनी सांगितला नाही, मीही विचारला नाही. रुसायला समोर कोणीतरी लागतं, आणि आपली समजूत काढली जाईल अशी आशा लागते. वारकरी परंपरेत याला मोठी जागा आहे. जनाबाईने विठ्ठलाला तोंडावर शिव्या दिल्या, आणि लोकांनी ते अभंग टाकून दिले नाहीत, गात राहिले. काकूंच्या घरात मात्र रुसायला जागा उरली नव्हती. सून घाबरली होती, मुलगा गप्प झाला होता, आणि भेटायला येणारे "देवाची इच्छा" म्हणून उठत होते.

थोडं शास्त्राबद्दल, कारण असं प्रकरण वाचताना लोक विचारतात. शोकाच्या पाच पायऱ्या (नाकारणं, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) सगळ्यांना पाठ असतात. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या जशाच्या तशा लावल्या की "अजून स्वीकार का होत नाही" असा धोशा सुरू होतो. मला मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांची १९९९ची मांडणी जास्त उपयोगी पडते. शोकात असलेला माणूस दोन बाजूंमध्ये येरझारा घालत असतो. एकीकडे गेलेल्याची आठवण, रडणं, दुसरीकडे वीजबिल, पेन्शनची कागदपत्रं, नवं आयुष्य. दोन्हीकडे जाता येणं हे प्रकृतीचं लक्षण. धर्माच्या अंगाने अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांचं काम महत्त्वाचं आहे. संकटात धर्म आधारही देतो आणि 'देवाने मला शिक्षा केली' अशा रूपाने जखमही करतो, हे त्यांनी वेगवेगळं करून दाखवलं. काकूंच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट चालू होती, आणि तिच्यावर धर्माबाहेरून बोलून काही होणार नव्हतं.

दीर्घकालीन शोक हा आजार म्हणून आता नोंदला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत आहे, आणि शोक त्या माणसाच्या समाजाच्या आणि धर्माच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे पलीकडे गेलेला असावा अशी अट आहे. अमेरिकेच्या वर्गीकरणात मोठ्या माणसांसाठी बारा महिने. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत सण नाही, गोडधोड नाही, ही रीत त्या बारा महिन्यांच्या किती जवळ जाते! मी काकूंवर आजाराचा शिक्का मारायची घाई केली नाही. झोप आणि उतरलेलं वजन यांसाठी डॉक्टरांकडे पाठवलं. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. विचारल्याने मनात नसलेला विचार येतो हा गैरसमज आहे. त्या म्हणाल्या, "मरायचं नाही ताई, पण सकाळी उठायचं काहून ते समजत नाही." कोणाच्या घरी याहून पुढची भाषा ऐकू आली तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

पुढच्या भेटीआधी काकूंच्या संमतीने मी त्यांच्या घरच्या गुरुजींना फोन केला. माझ्या कामात हे नेहमी करत नाही. गुरुजी सत्तरी ओलांडलेले, दहाव्याला घाटावर तेच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, मी येतो. माझ्या खोलीत खुर्चीत बसून त्यांनी काकूंशी जे बोलणं केलं ते दहा मिनिटांचं होतं.

"वहिनी, बोलावणं आलं तेव्हा तुम्ही उठल्या नसत्या, चार अध्याय संपवून मग निघाल्या असत्या, तर महाराजांना आवडलं असतं का?"

काकू काही बोलल्या नाहीत.

"आणि त्यानंतर सुतक लागलं. सुतकात वाचन थांबतंच. थांबलं, मोडलं नाही. कावळ्याचं म्हणाल तर मी चाळीस वर्षं घाटावर आहे. उन्हाळ्यात दुपारी कावळा येतच नाही, तो सावलीला बसतो. म्हणून तर दर्भाचा कावळा आहे. ज्यांनी हे विधी लावले त्यांना माहीत होतं, की दरवेळी सगळं जुळून येत नाही."

मी दुसऱ्या भेटीत जे सांगायला गेले होते, जवळपास तेच त्यांनी सांगितलं. पण त्यांनी काकूंचे तीन दिवस काकूंकडेच राहू दिले. दुसरी दुरुस्ती इथली. मसुद्यात मी सगळीकडे 'मोडलेलं पारायण' लिहिलं होतं. काकूंनी एकेक जागा दाखवून 'थांबलेलं' करून घेतलं.

त्या रात्री त्या सहा तास झोपल्या. सुनेने सकाळी मला कळवलं.

इथे प्रकरण संपलं असतं तर बरं झालं असतं, पण देवघराचं दार काही उघडलं नाही. दोषाची गाठ सुटली होती, तरी त्या दिवा लावत नव्हत्या. मला महिनाभर कळेना. कळलं ते भलत्याच गोष्टीवरून. पलीकडच्या गल्लीत त्यांची एक बौद्ध मैत्रीण राहते, तिचेही यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. काकू त्यांच्या पुण्यानुमोदनाला (मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीला) गेल्या होत्या, त्याची आठवण सांगत होत्या. "ती समोर बसली होती ताई. फोटोपाशी. सगळ्यांसोबत त्रिशरण-पंचशील म्हणत होती." मग एकदम, "मला तर भाजी चिरायला मागे बसवलं."

कुठे बसवलं? कधी?

भाद्रपदात. महालक्ष्म्यांना.

नागपुरात महालक्ष्म्या म्हणजे वर्षाचा सण. अनुराधा नक्षत्रावर ज्येष्ठा-कनिष्ठा घरात येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. काकूंच्या घरच्या महालक्ष्म्या त्या वर्षी दुःखामुळे धाकट्या दिरांकडे मांडल्या होत्या. काकूंना बोलावणं होतं, मदतीला. तेहेतीस वर्षं त्या दोन्ही मुखवट्यांना साडी नेसवण्याचं काम त्यांचं. निऱ्या अशा बसायच्या की बायका बघायला येत. त्या वर्षी त्यांनी सोळा भाज्या चिरल्या, मागच्या खोलीत, आणि मुखवटे आत येताना जाऊबाई हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा तिकडेच थांबा." उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं उमटवली, थाळी वाजवली, सगळ्या सवाष्णी पुढे झाल्या. काकू मागच्या दारातून घरी आल्या.

सुनेला हे माहीत होतं. तिला ते एवढं मोठं वाटलं नव्हतं, "तशी रीतच आहे ना." मलाही कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाच्याच लेखी ही घटना नव्हती. पण आता क्रम लावून बघा. मे महिन्यात नवरा गेला. दहाव्याला मनात दोष बसला. सप्टेंबरात ज्या खोलीत तिची भक्ती राहत होती तिथून तिला बाहेर थांबवलं. मंगळवारचं हळदीकुंकू बंद, ओटी भरणं बंद, डोहाळजेवणाला बोलावणं बंद. काकूंची श्रद्धा कधी विचारांत नव्हतीच. ती वाती वळणाऱ्या, पुरण वाटणाऱ्या, निऱ्या घालणाऱ्या हातांत होती. ते हात लोकांनी बाजूला सारले, आणि मग तेच लोक विचारत आले की हिने देव का सोडला.

हे लिहिताना माझा आवाज चढतो आहे याची मला जाणीव आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. मोठं काम झालं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे डोळ्यांना दिसतं, त्यावर ठराव करता येतो. "तुम्ही जरा तिकडेच थांबा" यावर ठराव कसा करणार? काकूंच्या बांगड्या कोणी फोडल्या नव्हत्या. घर सुशिक्षित आहे.

यानंतरच्या भेटी दोघींच्या झाल्या, सासू आणि सून. मी त्यांत फारसं काही केलं नाही. सुनेने पहिल्यांदा विचारलं, "आई, तुम्हाला वाईट वाटलं होतं?" आणि काकू म्हणाल्या, "तू पुढे होतीस, तुझ्या हातात थाळी होती. तू मागे वळून पाहिलंसुद्धा नाहीस." ती पोर तिथेच रडायला लागली. काकूंनीच तिला पाणी दिलं.

एप्रिल आला. दरवर्षी कूलर बाहेर काढून वाळ्याच्या ताट्या बदलणं हे काकांचं काम. यंदा पारा ४३ वर गेला तरी कूलर कोपऱ्यात झाकलेला. काकू गरम खोलीत झोपत होत्या आणि कोणाला हात लावू देत नव्हत्या. एका रविवारी मुलाने काही न विचारता इतवारीतून ताट्या आणल्या, काकू खाली स्टुलावर बसून "डावीकडचा खिळा ढिला आहे, ते तार बांधायचे" असं सांगत राहिल्या. पाणी सोडल्यावर वाळ्याचा वास आला आणि त्या खूप रडल्या. मग त्याच खोलीत झोपल्या. वर्षश्राद्ध मे महिन्यात झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

ऑगस्टमध्ये सुनेने घरात जाहीर केलं, महालक्ष्म्या आपल्याकडे मांडायच्या, आणि साड्या आई नेसवतील. तिच्या काकूसासूबाईंनी फोनवर बरंच सुनावलं. ती म्हणाली, "आई नेसवणार नसतील तर मी मांडणारच नाही. मला निऱ्या येत नाहीत." त्या वर्षी दिरांकडचं कोणी जेवायला आलं नाही. दोन सवाष्णींनीही ऐन वेळी नकार कळवला. काकूंना हे लागलं. "माझ्यापायी घर फुटलं," त्या म्हणाल्या, आणि मी त्याचं खंडन केलं नाही, कारण नातं खरंच ताणलं गेलं होतं. पण साड्या त्यांनी नेसवल्या. सुनेने फोटो पाठवला. एक जांभळी, एक मोरपंखी, आणि कडेला काकूंचा फक्त हात आलेला, तोंडात धरलेली टाचणी काढताना.

देवघरात त्या आता जातात. रोज नाही. पोथी कपाटातून परत आली आहे. गुरुवारी दुपारी ती पलीकडची मैत्रीण येते, तिचा मोतीबिंदू पिकलाय, तिला गोष्टी ऐकायला आवडतात, म्हणून काकू तिला वाचून दाखवतात. पिठलं-भाकरी आणि कांदा असं दोघी खातात.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "अठराव्याच्या पुढे गेलात का?"

"नाही. सतराव्यापर्यंत वाचते, मग परत पहिला." त्यांनी चष्मा पुसला. "पुढे महाराज समाधी घेतात ना, ताई. शेवटी शेवटी. एक जाणं झालंय तेवढं पुरे सध्या."

"कधी वाचाल असं वाटतं?"

"तुम्हाला घाई आहे का?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पोथी उघडून दाखवली. औषधाच्या दुकानाची पावती तिथेच होती, शाई उडून गेली होती, फक्त कडेला घडीची रेघ दिसत होती. त्यांनी ती सरळ केली, पान मिटलं आणि लाल कापडाची गाठ मारली, सैलसर.